सुनंदाताईंचं ‘येते’

“मॅडम, आई स्वतःच्या तोंडाने हो म्हणालीय,” समीर म्हणाला. “मी काही ठरवलं नाही. मामाने विचारलं, तिने उत्तर दिलं. आता आम्ही काय करणार?”

तो माझ्या टेबलासमोर उभा होता. बस म्हटलं तरी बसेना. रविवारच्या गाडीची तिकिटं काढून झाली होती. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या पेशंट सुनंदा परब यांना, गावी पाठवायचं ठरलं होतं. कणकवलीच्या पुढे, बरंच आत, त्यांचं माहेर. न्यायला धाकटा भाऊ आला होता. माझ्याकडून समीरला फक्त डिस्चार्ज समरी हवी होती आणि गावी करून घ्यायचे व्यायाम.

“नक्की काय म्हणाल्या त्या?” मी विचारलं.

“मामा म्हणाला, गावाक येतंस? ती म्हणाली, येते. एकदा नाही, दोन-तीन वेळा म्हणाली.”

मी पेन खाली ठेवलं.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. लोकांना वाटतं, मी बोबड्या मुलांना ‘र’ म्हणायला शिकवते. तेही करते. पण घाटकोपरच्या ज्या सेंटरमध्ये मी नोकरी करते, तिथे माझे बहुतेक पेशंट स्ट्रोकचे असतात. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही की उजवा हात आणि पाय लुळा पडतो आणि पुष्कळदा भाषाही जाते. त्याला अफेझिया म्हणतात. जीभ ठीक असते, घसा ठीक असतो, अक्कल जागेवर असते. माणसाला समोरची बशी दिसते, ती बशी आहे हेही कळतं. फक्त ‘बशी’ हा शब्द हाताला लागत नाही. कधी भलताच शब्द बाहेर येतो, कधी एकच शब्द सगळीकडे येतो. घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. मग ते पेशंटशी मोठ्याने आणि बोबडं बोलायला लागतात. हे पाहिलं की माझं डोकं फिरतं.

सुनंदाताई आरोग्यसेविका होत्या. जन्मभर घाटकोपरच्या चाळींतून आणि डोंगरावरच्या वस्त्यांतून दारोदार फिरल्या. गरोदर बायकांची चौकशी, बाळांची वजनं, लस घ्यायला न येणाऱ्या आयांना दम देणं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्या आणि थोड्याच दिवसांत स्ट्रोक आला. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्यापाशी मोजके शब्द उरले होते. ‘हो’, ‘अगं बाई’ आणि ‘येते’.

हे असे शब्द का उरतात, ते सोपं आहे. जे बोलणं वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेलं असतं, ते विचार न करता बाहेर पडतं. आम्ही त्याला ऑटोमॅटिक स्पीच म्हणतो. आपल्याकडे कुणाच्या घरून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. सुनंदाताईंनी ते प्रत्येक दारातून निघताना म्हटलेलं. बाकी सगळं गेलं आणि ते राहिलं. पाणी हवं असलं तरी त्या ‘येते’ म्हणायच्या. पंखा बंद करा, हेही ‘येते’. माझ्या कार्डांचा कंटाळा आला की एक वेगळंच, दात ओठ खाऊन म्हटलेलं ‘येते’ यायचं.

हे सगळं मी घरच्यांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. त्यांनी माना हलवल्या होत्या. पण कुणी विचारलं ‘येतेस का’ आणि समोरून आलं ‘येते’, तर कुठला मराठी माणूस थांबून शंका घेईल? उत्तर व्याकरणासकट बरोबर होतं.

“समीर, त्या सगळ्यालाच येते म्हणतात,” मी म्हटलं. “तुला माहितीय.”

“माहितीय. पण यावेळी बरोबर म्हणाली ना.”

मला त्याचा राग आला आणि कीवही आली. त्याचं ऑफिस अंधेरीला. बायको प्रणाली सात महिन्यांची गरोदर. घर छोटं. आईला उठवणं, बसवणं, बाथरूमला नेणं, सगळं ह्या दोघांवर. आई जाते म्हणाली, ही त्याच्या दृष्टीने मोठी सुटका होती आणि त्या सुटकेची त्याला लाज वाटत होती. म्हणूनच तो बसत नव्हता.

पण स्ट्रोकनंतरचे सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. मेंदू नव्याने रस्ते शोधत असतो. तेव्हा रोज बोलायला लावणारं कुणी असलं तर पुष्कळ परत मिळतं. गावात माणसं होती, हवा होती, पण थेरपिस्ट नव्हती. सुनंदाताई आत्ता गेल्या असत्या तर ह्या तीन शब्दांवरच राहण्याची भीती होती. आणि त्यांना जायचंय की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. मलासुद्धा.

मी आमचे इन्चार्ज डॉ. सबनीस यांच्या केबिनमध्ये गेले. ओळख जुनी. ते मला तू म्हणतात, मी त्यांना सर म्हणते, आणि भांडण दोघंही बरोबरीने करतो.

“परब गावी चालल्यात. छान झालं,” ते म्हणाले. “वेटिंगवाल्यांचे फोन येतायत. तो स्लॉट मोकळा होईल.”

“सर, त्यांना कुणी विचारलंच नाहीय.”

“विचारलं ना. येते म्हणाल्या.”

“तो त्यांचा ऑटोमॅटिक शब्द आहे.”

“मान्य. पण त्यांना नाही म्हणायचंय, हे कशावरून?”

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, शनिवारी सगळ्यांना एकत्र बसवून एक सेशन घेऊ द्या. शनिवारी तुझी लिस्ट फुल आहे, ते म्हणाले. मी म्हटलं, जेवायच्या सुट्टीत घेते. त्यांनी हात वर केले. आमच्याकडे ह्याला परवानगी म्हणतात.

शुक्रवारी दुपारी एक पेशंट आला नाही. मी दार लावून मोबाइल काढला. दर थोड्या दिवसांनी आम्ही पेशंटचा व्हिडिओ घेतो, घरच्यांना विचारून. बोलण्यात किती फरक पडला ते बघायला. एरवी मी तो ऐकण्यासाठी लावते. त्या दिवशी आवाज बंद केला. ऐकण्यासारखं काय होतं, ते मला पाठ होतं.

इथे हातांबद्दल थोडं सांगायला हवं. फोनवर कुणाला पत्ता सांगताना स्वतःकडे लक्ष द्या. ‘बँकेपासून उजवीकडे’ म्हणताना तुमचा हात उजवीकडे वळलेला असतो. पलीकडच्याला तो दिसत नसतो, तरी वळतो. आणि बारकाईने पाहिलं तर हात शब्दाच्या जरा आधी निघतो. म्हणजे विचार अजून डोक्यात आकार घेत असतो तेव्हाच तो हातात उतरलेला असतो. तोंड मागून येतं. निरोगी माणसात ही दोन्ही इतकी जवळ असतात की आपल्याला एकच वाटतात. अफेझियाच्या पेशंटमध्ये तोंड भलतीकडे जातं, पण हात कधी कधी मूळ विचारालाच धरून राहतो. नेहमी नाही. हाताचाही गोंधळ झालेले पेशंट मी पाहिलेत. म्हणून नुसत्या हातावर विश्वास ठेवायचा नसतो, तपासून बघायचं असतं.

व्हिडिओत सुनंदाताई व्हीलचेअरवर होत्या. शेजारी प्रणाली. मी विचारत होते, घरी काय चाललंय, सांगा बघू. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा, हळू करून पाहिला.

आधी त्यांचे डोळे प्रणालीच्या चेहऱ्यावर गेले. तिथून तिच्या पोटावर आले आणि थांबले. भुवया जराशा वर गेल्या, जसं काही आठवलं की जातात. मग डावा हात मांडीवरून उचलला गेला. पंजा वर, बोटं किंचित वाकलेली. त्याच वेळी डावा पाय व्हीलचेअरच्या फूटरेस्टवरून निघाला आणि सरळ पुढे ताणला गेला. हात गुडघ्यावर आला, नडगीवरून घोट्यापर्यंत गेला, परत वर आला, परत खाली. मग तळवा उलटा झाला आणि पुन्हा तेच. हे सगळं झाल्यावर ओठ उघडले. आवाज बंद होता तरी मला कळलं, ‘येते’.

आणि लगेच चेहरा पडला. डोळे मिटले. हात हवेत दोनदा हलला, पाटी पुसावी तसा. तो राग माझ्यावर नव्हता. स्वतःच्या तोंडातून निघालेल्या शब्दावर होता.

व्हिडिओत पुढे समीर म्हणतो, ‘पाय दुखतोय तिचा.’ त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी हेच धरलं होतं. हे पाय चोळणं घरीही चालायचं. फिजिओथेरपिस्टने पाय तपासला होता, काही सापडलं नव्हतं, लावायला मलम दिलं होतं. मलमाने चोळणं थांबलं नव्हतं.

पण डावा पाय हा त्यांचा चांगला पाय होता. आणि दुखणारा पाय माणूस आखडून घेतो, असा ऐटीत लांब करत नाही.

मग हा हात करतोय काय? पेशंटची खूण कळली नाही की मी एक करते. तीच खूण स्वतः करून बघते. शरीराला कधी कधी डोक्याआधी कळतं. मी खुर्ची मागे सरकवली, पाय लांब केला, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हात फिरवला. तळवा उलटा केला. पुन्हा फिरवला. तिसऱ्या वेळी मला माझी आई दिसली. मुलुंडच्या आमच्या घरात, मोरीत पाटावर बसलेली, दोन्ही पाय लांब केलेले, आणि त्या पायांवर तेलाने चकचकीत झालेला माझा मुलगा. आधी उताणा, मग पालथा.

बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालतात, ते.

मी पाय खाली घेतला. आणि पाठोपाठ शंकाही आली. मला माझी आई दिसली, म्हणून सुनंदाताईंना तेच म्हणायचं असेल, हे कशावरून? आमच्या धंद्यात ही सगळ्यात सोपी चूक. पेशंट गप्प असतो, त्याच्या जागी आपण आपलंच काहीतरी बोलून घेतो. मामांनी ‘येते’त स्वतःला हवं ते ऐकलं होतं. मी हातात मला हवं ते बघत नसेन कशावरून? म्हणून मी कुणाला फोन केला नाही. शनिवारची वाट पाहिली.

शनिवारी सगळे आले. दिगंबरमामा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, माझ्यासाठी कोकमांची पुडी घेऊन. चांगला माणूस होता. बहिणीला घरी नेऊन तिची सेवा करायची, एवढंच त्याच्या मनात होतं. प्रणाली जरा लांब, दाराजवळ बसली. समीर अजूनही उभाच. सुनंदाताई माझ्याकडे संशयाने बघत होत्या. शनिवारी त्यांचं सेशन नसे.

मी मामांना म्हटलं, “तुम्ही त्यांना एक प्रश्न विचारा. जिथे त्या जन्मात जाणार नाहीत, अशा ठिकाणी येतेस का म्हणून विचारा.”

मामांनी थोडा विचार केला. “गो बाय, दुबईक येतंस?”

“येते,” सुनंदाताई म्हणाल्या.

समीर हसला. सुनंदाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे प्रश्न कळला होता, आणि उत्तर चुकलं हेही कळलं होतं. मामा मात्र हसले नाहीत. ते बहिणीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

“मॅडम, एक सांगू? ही माझ्याशी असा बोलणाच नाय. लहानपणापासून आमचा मालवणी. माका ती ‘येतंय’ म्हणतली. ‘येते’ हा तिचा हयला, मुंबयतला, नोकरीवरला. परवा गावाक येतंस म्हणून विचारलंय तेव्हा पण ‘येते’च म्हणाली. माका तेव्हाच कळाक होया होता.”

हे मला कधीच कळलं नसतं. मला मालवणी समजते, पण बोलता येत नाही. मामांनी विचारल्यावर सुनंदाताई बोलल्या होत्या, पण भावाशी बोलल्या नव्हत्या. ते उत्तर कुठल्यातरी चाळीतल्या, निरोप घेतलेल्या दाराला दिलेलं होतं.

समीर खाली बसला.

आता खरी तपासणी. कपाटातून एक टॉवेल काढला, घट्ट गुंडाळला आणि काही न बोलता सुनंदाताईंच्या मांडीवर ठेवला. प्रणालीला त्यांच्या समोर बसवलं. घरच्यांना सांगितलं, आता कुणी बोलायचं नाही, मदतही करायची नाही.

ही शांतता नातेवाइकांना झेपत नाही. पेशंट अडला की ते शब्द पुरवतात, हात धरतात, विषय बदलतात. समीरने तोंड उघडलं. मी बोट ओठांवर ठेवलं. त्याने मिटलं.

सुनंदाताईंनी टॉवेलकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग प्रणालीकडे, आणि तिच्या पोटाकडे. मग डावा पाय लांब झाला. त्यांनी टॉवेल उचलून नडगीवर ठेवला. तो घसरला. माझा हात पुढे गेला होता, मी तो मागे घेतला. त्यांनी टॉवेल पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तेव्हा त्यांनी मांडीवर पडलेला आपला लुळा उजवा हात डाव्या हाताने उचलला आणि टॉवेलवर ठेवला, वजन म्हणून. टॉवेल थांबला.

मग त्यांचा डावा हात चालायला लागला. वरून खाली, लांब, सावकाश. टॉवेल पालथा केला. पाठ चोळली. पुन्हा उताणा केला आणि वरच्या टोकाशी अंगठा आणि बोट आणून हलकेच चिमटीत काहीतरी ओढलं. बाळाचं नाक. नाक सरळ यावं म्हणून आपल्या बायका ओढतात ते. मला आता कसलीच शंका राहिली नाही.

शेवटी त्यांनी प्रणालीच्या पोटाकडे बोट केलं आणि तेच बोट स्वतःच्या छातीवर आपटलं. तोंड उघडलं. “ये...” एवढं निघालं. त्यांनी ओठ मिटले. हात हलवून ते पुसून टाकलं. आणि बोट पुन्हा छातीवर आपटलं.

चुकीचा शब्द त्यांनी अर्ध्यात अडवला होता. इतके आठवडे मी ह्याचीच वाट बघत होते. पण त्या वेळी माझं तिकडे लक्ष नव्हतं, कारण प्रणाली रडत होती.

तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत, पण हिला जायला माहेरच नव्हतं. दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी सुनंदाताई तिला म्हणाल्या होत्या, तुझी आई नाही म्हणून काय झालं, बाळाला पायावर मी घेणार, सगळ्या घाटकोपरची पोरं बघितली, आता घरचं बघेन. त्यानंतर लवकरच स्ट्रोक आला. हे सगळं तिने रडत रडत सांगितलं. मग सासूकडे वळली.

“आई, मला वाटलं तुम्हाला जायचंय. तुम्हाला आता आमचं काही नको झालंय. म्हणून मी पण काही बोलले नाही.”

सुनंदाताईंनी तिच्या गालावर हलकी चापट मारली. चापटीला शब्द लागत नाहीत.

मी हट्टी आहे. एवढ्यावर थांबले नाही. समीरच्या मोबाइलवर गावच्या घराचा फोटो होता, घाटकोपरच्या घराचाही होता; तो दुसरा मी माझ्या मोबाइलवर घेतला. दोन फोन समोर ठेवून विचारलं, बाळ येईल तेव्हा तुम्ही कुठे? त्यांनी घाटकोपरवर बोट ठेवलं. फोनच्या जागा बदलल्या, प्रश्नाचे शब्द बदलले, पुन्हा विचारलं. पुन्हा घाटकोपर. गावचा फोटो त्यांनी ढकलून दिला नाही. त्यावरून बोट फिरवलं, तो बाजूला ठेवला आणि पंजा हवेत पुढे, पुढे गोल फिरवला.

“म्हणजे मागाहून,” मामा म्हणाले. “बाळ झाल्यार मगे.”

सुनंदाताईंनी मान एका बाजूला कलवली. मामांनी नाक पुसलं. बहिणीने आपल्याला नाही म्हटलं नव्हतं, हे त्यांना बरं वाटलं.

मग समीरने तो प्रश्न काढला जो कुणीतरी काढायलाच हवा होता. “मॅडम, हे सगळं पटलं. पण बघणार कोण? मी दिवसभर अंधेरीला. हिला डॉक्टरने वाकायचं नाही सांगितलंय. दोघींना सांभाळायला माणूस कुठून आणू?”

थेरपीच्या पुस्तकात ह्याचं उत्तर नसतं. शांतता मघाचीच, पण आता ती मला झेपत नव्हती.

“तुझ्या मामीक धाडतंय हय,” दिगंबरमामा म्हणाले. “तिका मुंबय आवडता. माझा काय, माका भात करूक येता.”

सुनंदाताई हसायला लागल्या. अगदी खांदे हलेपर्यंत. मामांचा भात काय प्रकार आहे, ते बहुतेक त्या घरात सगळ्यांना माहीत असावं, कारण पाठोपाठ समीरही हसला.

डॉ. सबनीसांना मी तो टॉवेलचा व्हिडिओ आवाज बंद करून दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला.

“हे समरीत कसं लिहिणार तू?”

“समरी कसली सर, डिस्चार्जच नाही.”

त्यांनी आठवड्याच्या दोन सेशन्सपैकी एकच ठेवलं, दुसरं वेटिंगवाल्या पेशंटला दिलं. मी भांडले, पण फार नाही. त्या पेशंटचीही बायको रोज फोन करत होती. राहिलेलं सेशन मी बदलून टाकलं. चित्रांची कार्डं बाजूला ठेवली. टॉवेल, वाटी, झबलं, टोपडं, तेलाची बाटली, असा बाळंतविडाच टेबलावर मांडला. फिजिओथेरपिस्टला बोलावून सुनंदाताईंना भिंतीला टेकून, पाय लांब करून सुरक्षित कसं बसवायचं ते ठरवून घेतलं. तो पाय दुखतो म्हणून मलम देणारा हाच. त्याने मुकाट्याने सगळं केलं.

मुलगी झाली. प्रणाली घरी आल्यावर एका सकाळी मी त्यांच्याकडे गेले. बाथरूममध्ये बसायला जागा नव्हती, म्हणून हॉलमध्येच प्लास्टिक अंथरून सगळा थाट केलेला. सुनंदाताई भिंतीला टेकलेल्या. पायांवर बाळ. उजव्या बाजूला मामी बाळाला धरून. खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त काम मामीच करत होत्या. पण तेल लावणारा हात सुनंदाताईंचा होता. मामींनी बादलीतून तांब्या भरला. सुनंदाताईंनी त्यांना थांबवलं, तांब्यात आधी बोट बुडवलं आणि झटकन काढलं.

“कढत,” त्या म्हणाल्या.

मामी थांबल्या. समीर थांबला. बाळ तेवढं हातपाय हलवत राहिलं. मी एवढे दिवस शिकवलेल्या शब्दांत ‘कढत’ कुठेच नव्हता. तो कुणी विचारूनही आला नव्हता. आधी बोट गेलं, आणि त्या बोटामागून शब्द आला. मला इतका आनंद झाला की मी तो शब्द तिथेच मोबाइलमध्ये टिपून ठेवला. मामींनी गार पाणी मिसळलं. बाळाला न्हाऊ घातलं. सुनंदाताईंनी नाक ओढलं, बाळाने घर डोक्यावर घेतलं.

त्यानंतर शब्द येत गेले, हळूहळू, एकेक करून. बरेचसे बाळाशी निगडित. ‘दे’, ‘धर’, ‘ओलं’, ‘झोप’. पूर्वीसारखं भरभर बोलणं परत येईल का, ते मी सांगू शकत नाही. पण आता त्यांना काय हवंय ते घरात सगळ्यांना कळतं, कारण ते बघायला शिकलेत. बाळ जरा मोठं झाल्यावर त्या महिनाभर गावी राहून आल्या. ते त्यांनी स्वतः, फोटोवर बोट ठेवून ठरवलं. मामा न्यायला आले होते. जरा वाळलेले दिसत होते.

आता नव्या पेशंटच्या नातेवाइकांना मी पहिल्याच दिवशी सांगते. प्रश्न विचारलात की तोंड मिटा आणि हात बघा. सगळे मान डोलवतात. मग मी पेशंटला त्याचं नाव विचारते, आणि निम्मे नातेवाईक ते मला सांगून टाकतात.